नुसत्या नंबराचा कागद

त्या दिवशी तुर्भ्यात वारा पडला होता. ऑक्टोबर सरत आलेला, आभाळ राखेसारखं पांढरं, आणि डोंगराकडून येणारी झुळूक कुठे तरी अडकून बसलेली. वारा पडला की कारखान्यांच्या पट्ट्यात प्रत्येक कंपनीचा वास आपापल्या गेटवर उभा राहायचा, वॉचमनसारखा. आमच्या गेटवर पेपरमिंटचा वास उभा होता. दोरीवरचा माझा टॉवेल सकाळपासून हलला नव्हता.

आमच्या लॅबमध्ये एक बेसिन होतं. आणलं तेव्हा पांढरं. मी ते रोज घासायचो, तरी पाच-सहा वर्षांत त्याच्या तळाला पिवळा, त्यावर लाल, त्यावर हिरवा अशी पुटं चढलीच. किस्सेही असेच साठतात. रोज पाणी सोडलं तरी तळाला थोडं राहतंच. आता लॅब नाही, कंपनीही नाही, त्या जागी गोदाम झालंय. पुटं तेवढी माझ्यापाशी आहेत.

कंपनी खाण्याचे रंग बनवायची, थोडे वासाचे अर्कही. जिलबीचा पिवळा, सरबताचा लाल, पेपरमिंटचा हिरवा. मी लॅबमध्ये बाटल्या धुणारा. कंपनीत सगळे मला मामा म्हणायचे. आबा म्हणणारे एकटे बापू कदम. ते त्याच कंपनीत टाकीवर होते, रंग शिजवायचे. आम्ही दोघे साताऱ्याकडचे, दोघांच्या खोल्यांची भिंत एक आणि नळही एक.

आणि त्या वारा पडलेल्या शुक्रवारी परिस्थिती अशी होती, की दुसऱ्या दिवशी बापूंची नोकरी जायची होती. शनिवारी गेटपास जमा करा, असं त्यांना सांगून झालं होतं. गुन्हा एकच. निळ्याची बॅच काढल्यावर टाकी न धुता त्यांनी तिच्यात पिवळा केला. बापू म्हणत होते, धुतली. लॅबचा कागद म्हणत होता, नाही.

हा कागद काय म्हणतो आणि कसा म्हणतो, ते आधी सांगावं लागेल. घाई नाही ना? मला तर कधीच नव्हती.

* * *

लॅबच्या आधी मी कांदा-बटाटा मार्केटला गोण्या वाहायचो. पाठ गेली, म्हणून कुणाच्या तरी ओळखीने इथे लागलो. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. लॅबमधल्या साठे मॅडमनी पहिल्याच दिवशी मला समोर उभं केलं आणि टाक बुडवायच्या शाईचा एक थेंब दाखवला.

"मामा, हा रंग कोणता?"

"काळा."

"नक्की?"

म्हटलं, शाळेत गेलो नाही, पण आंधळा नाही.

त्यांनी टिपकागदासारख्या कागदाची पट्टी घेतली. खालून दोन बोटं सोडून पेन्सिलीने रेघ मारली, रेघेवर शाईचा ठिपका ठेवला आणि पट्टी काचेच्या भांड्यात उभी केली. तळाला बोटभर स्पिरिट-पाणी. वर झाकण. कागद ते पाणी पीत गेला, पाणी वर चढत गेलं, आणि ठिपक्यालाही ओढून नेऊ लागलं. अर्ध्या तासात माझ्या काळ्याचा काळा राहिला नाही. सगळ्यात वर पिवळा, मध्ये जांभळट, खाली निळा. तिघं तीन मजल्यांवर राहायला गेले होते.

मॅडम म्हणाल्या, "ज्या रंगाला कागदाची ओढ जास्त, तो मागे राहतो. ज्याला पाण्याची ओढ, तो पुढे जातो. म्हणून वेगळे होतात."

मी जरा विचार केला. मला विचार करायला वेळ लागतो. मग म्हटलं, "म्हणजे मॅडम, मार्केटात आम्ही सगळे गोण्या घेऊन गेटवरनं एकदमच निघायचो. ज्याला कुणी ओळखत नाही तो सरळ शेवटच्या गाळ्याला. आणि ज्याची दारोदार ओळख, तो 'काय पाव्हणं, काय चाललंय' करत पहिल्याच गल्लीत."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या.

"मामा," त्या म्हणाल्या, "एवढंच समजायला माझी कॉलेजात दोन वर्षं गेली."

* * *

त्या प्रकाराला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. तो शब्द माझ्या तोंडात कधी मावलाच नाही. मी 'कागद लावणे' म्हणायचो. हळूहळू सगळी लॅब तेच म्हणायला लागली. एकदा हेड ऑफिसला पाठवायच्या रिपोर्टात मॅडमनी चुकून 'कागद लावला, पास' असं लिहिलं होतं. तिकडून फोन आला, "कुठे लावला? भिंतीला?"

काम असं. प्रत्येक पट्टीवर डाव्या बाजूला खऱ्या, पास झालेल्या रंगाचा ठिपका, त्याच्या खाली खूण 'एस'. उजव्या बाजूला नव्या बॅचचा ठिपका. दोघे शेजारी शेजारी चढायचे. सारखेच चढले तर बॅच पास. नव्याच्या अंगात आणखी कुठला रंग मिसळलेला असेल, तर तो वेगळा होऊन वर किंवा खाली उभा राहायचाच. कितीही लपलेला असो.

पट्ट्या कापणं, रेघ मारणं आणि 'एस' काढणं माझ्याकडे होतं. मला लिहिता येत नव्हतं, पण रेघ यायची. 'एस' म्हणजेही वाकडी रेघच.

पुढे अक्षरंही आली, तीही तिथेच. मॅडम जेवणाच्या सुट्टीत पाट्या वाचायला लावायच्या. मी आयुष्यात पहिला वाचलेला शब्द 'धोका'. घरी येऊन ऐटीत सांगितलं. आमची ही म्हणाली, "दुनियेची पोरं कमळापासून सुरू करतात. तुम्ही धोक्यापासून."

* * *

मॅडमच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असायची. दुसऱ्या बायका गजरा माळतात तशी. त्यांचा एकच कडक नियम. कागदाच्या टेबलापाशी पेन न्यायचं नाही. कारण पेन्सिलीचं शिसं पाण्याने हलत नाही, आणि पेनाची शाई म्हणजे रंगच, ती कागदावर चढायला बसलेलीच असते.

एकदा परचेसचे साहेब खिशाला तीन पेनं लावून आत आले. मॅडमनी दारातच हात पुढे केला.

"पेनं द्या."

"का हो?"

"आमच्याकडे पेन म्हणजे चप्पल. दाराबाहेर."

साहेबांनी पेनं काढून ठेवली. आणि सवयीने चपलाही.

* * *

कागद लावायचं काचेचं भांडं एकदा माझ्या हातून फुटलं. मी पांढरा पडलो. मॅडम म्हणाल्या, रडू नका, घरात लोणच्याची बरणी आहे का? हिची मोठी काचेची बरणी होती, गावाहून आणलेली. चार दिवस उन्हात ठेवली, सोड्याने धुतली, तरी पहिल्या कागदाला मेथीचा वास आला. पण चालली. एवढी चालली की नवं भांडं आल्यावरही तीच राहिली.

एका वर्षी बाहेरचे साहेब तपासणीला आले. बरणी बघून थबकले.

"हे कसलं लोणचं?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रंगाचं. मुरायला दोन तास लागतात. थांबता?"

ते थांबले. कागद चढताना बघून लहान मुलासारखे खूश झाले. जाताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पण लोणचं खरंच नाहीये का?"

* * *

रविवारी मी उरलेल्या पट्ट्या घरी आणायचो. खोलीसमोर स्टूल, त्यावर पेला, पेल्यात पट्टी. शेजारपाजारच्या लोकांना ती करमणूक होती. मुलांची स्केचपेनं, पानवाल्याचा रंग, सरबत. एकदा ही झोपली असताना तिच्या कुंकवाचा कागद लावला. लाल खाली राहिला आणि पिवळा वर गेला. उठून तिने बघितलं आणि म्हणाली, "बाकी काय पण फोडा. कुंकू फोडू नका."

या बैठकीला बापू हमखास असायचे, आपला कप घेऊन. हा कप सांगायला हवा. कान तुटलेला, जाड, आतून तपकिरी झालेला. बापूंचं म्हणणं, कप विसळला की चहाची चव जाते. स्वतः धुवायचे नाहीत आणि बायकोला, सुमनवहिनींना, धुऊ द्यायचे नाहीत. चहा संपला की कप खिडकीत, पुढच्या चहाला खिडकीतून परत.

एका रविवारी वहिनी दारातून म्हणाल्या, "आबा, सरबताचं काय बघताय? यांच्या कपाला लावा तुमचा कागद. दिवाळीपासूनचे सगळे चहा वेगवेगळे दिसतील."

सगळे हसले. बापूही हसले. एक घोट घेऊन म्हणाले, "हसा. पण चव बघा."

* * *

मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि कुलकर्णी साहेब आले. नवीनच पास झालेले, पहिली नोकरी, माणूस गुणी. एकच खोड, धीर नाही. कागद लावला की दर पाच मिनिटांनी बरणीचं झाकण उचलायचे.

"मामा, चढतोय का बघा."

झाकण उचललं की आतली वाफ निघून जाते आणि रंग वेडेवाकडे चढतात. दोन आठवडे मी गप्प बसलो. मग विचारलं, "साहेब, लग्न झालंय?"

"नाही. का?"

"तरीच. भात कुणी शिकवला नाही तुम्हाला. मध्येच झाकण उचललं की कच्चा राहतो."

ते लाजले, आणि त्या दिवसापासून झाकणाला हात लावला नाही. मला वाटलं, साहेब शिकले. पण एक गोष्ट मी त्यांना सांगितलीच नाही. पेनाची. खिशाला पेन लावून ते टेबलापाशी यायचे. मनात म्हटलं, शिकलेला माणूस आहे, पेन-पेन्सिलीचं त्याला मी काय सांगणार? आणि रेघ तर माझीच असायची, पेन्सिलीची. मग पेनाने काय बिघडणार?

ते माझं चुकलं. ते आजही कबूल आहे.

* * *

आता बापूंचं.

मंगळवारी पिवळ्याची बॅच सत्तेचाळीस लॅबला आली. कुलकर्णी साहेबांनी कागद लावला. डावीकडे खरा पिवळा, छान एकटा चढलेला. उजवीकडे पिवळा, आणि त्याच्या वरच्या अंगाला निळसर-जांभळी शेपटी. साहेबांनी परत लावला. परत शेपटी. रिपोर्ट गेला, पिवळ्यात निळा.

त्याआधी टाकीत निळाच झाला होता. मॅनेजर साहेबांना आणखी काय पाहिजे? त्यांनी बापूंना बोलावलं.

"टाकी धुतली होती?"

"तीन पाण्यांनी."

"मग हा निळा कुठनं आला? आभाळातनं?"

खाण्याच्या रंगातला मामला, मॅनेजरना दया दाखवायची सोय नव्हती. शनिवारी गेटपास जमा करा म्हणाले. बापू बारा वर्षं टाकीवर. दोन मुली, थोरली दहावीला.

बुधवारी नळावर सुमनवहिनी भेटल्या. डोळे सुजलेले. हळूच म्हणाल्या, "आबा, मला बोलायला नको, पण घरात कप विसळत नाही हा माणूस. तिथं टाकी धुतली असेल का हो?"

कागद मी स्वतः बघितला होता. आणि कागद खोटं बोलत नाही, हे चाळीतल्या सगळ्यांना शिकवलं होतं मीच. रविवारी, स्टुलावर.

त्या संध्याकाळी बापू दारात येऊन बसले. कप आणला नव्हता. मग म्हणाले, "आबा, तीन पाण्यांनी धुतली. पण आता दोन दिवस सगळे न्हाई म्हणतायत. तर मलाच वाटाया लागलंय, धुतली नसंल. तुमचा कागद काय म्हणतो?"

"कागद न्हाईच म्हणतो, बापू."

"मग न्हाईच धुतली असंल," म्हणाले आणि उठून गेले.

गुरुवारी मी लॅबचे एप्रन धुवायला काढले. कुलकर्णी साहेबांच्या एप्रनच्या खिशाला निळा डाग, त्यांचं जुनं, घट्ट शाईचं पेन संपलं होतं आणि सोमवारी आणलेलं नवं बॉलपेन गळायचं. साबणाने जाईना, म्हणून मी स्पिरिटचा बोळा लावला. डाग निघाला नाही. तो चालायला लागला. खिशाच्या कडेवरून वर, कापडात, निळसर-जांभळी शेपटी काढत.

मी एप्रन हातात धरून उभा राहिलो. ही शेपटी मी बघितली होती. मंगळवारी. बरणीत.

तरी मला रात्र लागली. मला वेळ लागतो, सांगितलंच. रेघ माझी, पेन्सिलीची. 'एस' माझा, पेन्सिलीचा. मग पेन आलं कुठून? शुक्रवारी लॅबमध्ये शिरलो, फाईलमधून मंगळवारचा तो नापास कागद काढला आणि खालच्या कडेला बघितलं. उजव्या ठिपक्याच्या बरोबर खाली, पुसट झालेले दोन आकडे. चार आणि सात. साठे मॅडम बॅचचा नंबर पेन्सिलीने आणि पट्टीच्या वरच्या टोकाला लिहायच्या. कुलकर्णी साहेबांनी तो खाली लिहिला होता. पेनाने.

बाहेर वारा पडलेला. आत मॅनेजर साहेब आले, मागे बापू. शेवटचा एक कागद लावून बॅच ओतून द्यायची होती. कुलकर्णी साहेबांनी पट्टी घेतली. खिशातलं पेन काढलं.

मी म्हटलं, "साहेब, एक विनंती. आधी नुसता नंबर लावा."

"म्हणजे?"

"रंग नको. पिवळा नको, एस नको. कोऱ्या पट्टीवर नुसता नंबर लिहा आणि लावा बरणीत."

मॅनेजर म्हणाले, "मामा, ही काय रविवारची जत्रा आहे का?"

"तासाभराचं काम आहे, साहेब. बापू बारा वर्षं थांबलेत."

कुलकर्णी साहेब माझ्याकडे बघत होते. मग पेनाकडे बघितलं. मला वाटतं, तेव्हाच त्यांना कळलं. पट्टीवर नेहमीसारखा खाली सत्तेचाळीस लिहिला, बरणीत उभी केली, झाकण लावलं.

चौघं बरणीभोवती. झाकणाला कुणी हात लावला नाही. कोरा कागद, त्यात पिवळ्याचा कण नाही. पाणी नंबरापर्यंत आलं. चाराला भिजवलं, साताला भिजवलं, आणि दोन्ही आकडे जागेवरून उठले. निळसर-जांभळी शेपटी काढत चढायला लागले. चढले, चढले, आणि वर जाऊन एक झाले.

बापूंनी वाकून बरणी न्याहाळली.

मग बापू म्हणाले, "या टाकीत तर मी काही शिजवलं न्हाई."

कुलकर्णी साहेबांनी दुसरी पट्टी घेतली. माझ्यापुढे हात केला. मी खिशातून पेन्सिल दिली. साठे मॅडमची, रजेवर जाताना माझ्याकडे ठेवलेली. त्यांनी नंबर पेन्सिलीने वर लिहिला आणि सत्तेचाळीसचा ठिपका ठेवला. दोन तासांनी डावीकडे एक पिवळा, उजवीकडे एक पिवळा. जुळ्या भावांसारखे. दुसरं कुणी नाही.

कुलकर्णी साहेब उभे राहिले आणि मॅनेजरना म्हणाले, "चूक माझी. रिपोर्टात तसं लिहून देतो." मला वाटलं होतं, लपवतील. पण नाही. मग बापूंच्या पाया पडायला वाकले, तेव्हा बापू घाबरून मागे सरले आणि कोपऱ्यातल्या मिठाच्या पोत्यावर बसले.

मॅनेजर साहेब दारापर्यंत गेले, परत आले. म्हणाले, "मामा, पेनं दाराबाहेर ठेवायचा नियम होता ना इथं?"

"होता, साहेब."

त्यांनी आपलं पेन काढून दाराबाहेरच्या खिडकीत ठेवलं.

* * *

शनिवारी बापू गेटपास लावून कामाला गेले. जाताना, येताना माझ्याशी एक शब्द नाही. आभार नाहीत, काही नाही. मलाही नको होते. बुधवारी मी कागदाचं ऐकलं होतं, त्यांचं नाही.

रविवारी सकाळी वारा सुटला. दोरीवरचा टॉवेल उडून वहिनींच्या दारात गेला. तो आणायला बाहेर आलो, तर नळापाशी बापू उकिडवे बसलेले. हातात तो कान तुटलेला कप. राख लावून घासत होते. आत, बाहेर, बुडाला. एक पाणी घातलं. दुसरं घातलं. तिसरं घातलं. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभ्या, हसत होत्या की रडत होत्या, कळेना.

कप आतून पांढरा निघाला होता. तो पांढरा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

बापू उठले. ओला कप माझ्यापुढे धरला आणि म्हणाले,

"आबा, लावा कागद."